सत्तरीवरील पुरुष गट

इलियास टेलर यांनी आपल्या आयुष्यातल्या शेवटच्या साध्या दिवसाची दुपार कापड बेतायच्या टेबलावर पालथं पडून घालवली. छातीखाली शाळेच्या गणवेशाच्या खाकी कापडाचा तागा, हात टेबलाच्या एका कडेबाहेर, पाय दुसऱ्या कडेबाहेर, आणि वय वर्षं चौऱ्याहत्तर. दुकान सांगलीच्या भर पेठेत, शटर अर्धं वर. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी वाकून आत पाहिलं आणि जरा दबक्या आवाजात विचारलं, "दुकान बंद आहे का आज?"

"चालूच आहे की! माप द्यायचंय का?" इलियासभाईंनी पालथ्यानंच विचारलं.

बाई दिसेनाशा झाल्या.

"अब्बा, गिऱ्हाईक गेलं," शाझिया म्हणाली.

"जाऊ दे. तू पायडल मार. ताल तुटतोय."

शाझिया साताऱ्याला एका वाचनालयात ग्रंथपाल होती. महिन्यातून एका रविवारी ती वडिलांना भेटायला यायची, आणि गेली काही वर्षं त्या भेटीत तिला हे एकच काम असायचं. सुईत दोरा न घालता शिलाई मशीनचं पायडल मारत बसायचं, आणि त्या टकटकीवर अब्बा टेबलावर हातपाय मारणार. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कृष्णेत पोहण्याची शर्यत असे, वरच्या घाटापासून हरिपूरच्या संगमापर्यंत, तीन किलोमीटर. इलियासभाई तिच्यात सलग एकोणतीस वर्षं उतरले होते. एकदाही पहिले आले नव्हते आणि एकदाही मधून बाहेर आले नव्हते. तीस वर्षं पुरी करणाऱ्याचं नाव मंडळाच्या फळ्यावर रंगवून लावत. फळ्यावर आतापर्यंत दोनच नावं होती. तिसऱ्या नावापुरती जागा कुठे आहे हे इलियासभाईंनी मापाच्या टेपनं मोजून ठेवलं होतं.

"एका हाताला एक लाथ," ते सांगत होते. "डावा हात पाण्यात शिरला की उजवा पाय. उजवा शिरला की डावा. बास. आताची पोरं एका हाताला तीन-तीन लाथा मारतात. शंभर मीटरला ठीक आहे ते. लांबच्या माणसानं पायात जीव नाही घालवायचा. ओढायचं काम हाताचं, पायानं नुसता ताल धरायचा."

घरात सगळे दखनी बोलत. पोहणं मात्र मराठीत. इलियासभाईंना त्यांचे दोस्त तात्याबा यांनी तरुणपणी विहिरीत ढकलून मराठीत पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे ती विद्या दुसऱ्या भाषेत सांगितली तर माणूस बुडेल अशी त्यांची पक्की समजूत होती. 'पाण्यात उतरताना बोली बदलायची' हा घरचा नियमच होता.

टेबलावर दम खात त्यांनी मान वळवली. "शाजू, त्या दिवशी दोरी मी जरा लवकर सोडली का गं?"

हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येत असे. 'त्या दिवशी' म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी. शाझिया दहा वर्षांची होती, तात्याबांच्या विहिरीत पोहायला शिकत होती, कमरेला दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक काठावर अब्बांच्या हातात. त्यांनी ती सोडली. शाझिया अकरा हात मारून गेली आणि मग "दोरी सोडली, दोरी सोडली" म्हणून अशी किंचाळली, की इलियासभाईंनी गळ्यातल्या टेपसकट आणि खिशातल्या खडूसकट विहिरीत उडी टाकली. त्यानंतर त्यांनी तिला पाण्यात नेलं नाही आणि तीही उतरली नाही. कुणी विचारलं तर इलियासभाई सांगत, "पोरीची चूक नाही. माझ्या हातून दोरी लवकर सुटली."

शाझिया म्हणाली, "अब्बा, चहा गार होतोय."

तिनं त्यांना हाताला धरून टेबलावरून उतरवलं, चहा दिला आणि साडेचारची एसटी पकडून ती साताऱ्याला गेली.

सोमवारी पहाटेची नमाज पढून इलियासभाई मशीनवर बसले ते तिथेच मान टाकून गेले. सुईखाली कुणा पोराची चड्डी होती. तिच्या एका पायाची शिलाई पुरी झाली होती.

*

चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाल्यावर शाझिया मंडळाच्या कचेरीत गेली. काम साधं होतं. अब्बांची सतरा नंबरची टोपी परत करायची आणि यादीतून त्यांचं नाव कमी करून घ्यायचं. पाच मिनिटांचं काम, असं ती रिक्षावाल्याला म्हणाली आणि त्याला थांबवून ठेवलं. रिक्षावाला पुढे कंटाळून जेवायला गेला.

मंडळाचे सचिव लालासाहेब हे निवृत्त तलाठी. नोकरी संपली तरी तिच्यातलं काहीही त्यांनी सोडलेलं नव्हतं. पोहणाऱ्यांची यादी ते सातबाऱ्यासारखी ठेवत. कुणाच्या नावापुढे कुणाचं नाव कधी आलं, कोणत्या ठरावानं आलं, सगळं लाल शाईत. त्यांनी टोपी पाहिली, चष्मा काढला, क्षणभर डोळे मिटले. "फार सभ्य माणूस. एकोणतीस वर्षांत एकदाही अर्जावर खाडाखोड नाही." मग चष्मा लावला. "बोला."

"नाव कमी करायचं होतं."

"असा नमुना नाही."

"म्हणजे?"

"नाव कमी होत नसतं, ताई. माणूस मयत झाला की त्याच्या नावाला वारस लागतो." त्यांनी रजिस्टर उघडलं. "मुलगा?"

"नाही. मी एकटीच."

"अडचण नाही. मुलीचा हक्क समान आहे." आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली: मयत इलियास यांचे जागी वारस मुलगी शाझिया, राहणार सातारा.

"अहो, पण मला पोहता येत नाही!"

लालासाहेबांनी पेन थांबवलं आणि तिच्याकडे करुणेनं पाहिलं. "वारसाला जमीन लागते तेव्हा नांगर धरता येतो का, असं विचारतो का आपण? हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्या."

सुशिक्षित माणसाचं एक दुबळेपण असतं. समोरच्यानं पुरेशा गंभीरपणे आणि लेखी मूर्खपणा केला की तो ऐकून घेतो. शाझियानं हरकतीचा कागद मागितला. तो काढायला लालासाहेब कपाटाकडे वळले आणि त्यांच्या मागे भिंतीवर टांगलेला फळा तिला दिसला. दोन नावं. खाली एक मोकळी जागा.

"लालासाहेब, वारस पोहला तर वर्षं कुणाची धरता?"

"मूळ खातेदाराची. खंड पडत नाही. एकोणतीस अधिक एक." त्यांनी हरकतीचा कागद पुढे सरकवला. "हा घ्या."

शाझियानं त्या कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. तिथे ती अजून आहे.

बाहेर पडता पडता तिला एक शंका आली. "माझा गट कोणता?"

"इलियासभाईंचाच. सत्तरीवरील पुरुष."

"मी चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे!"

"ते दिसतंय मला. पण गट बदलणं म्हणजे फेरफार. फेरफाराला बैठक लागते. बैठक शर्यतीनंतर आहे." आणि त्यांनी तिच्या हातात सत्तरीवरील गटाचे नियम दिले. त्या गटात प्रत्येकाच्या कमरेला दोरी बांधायची असे, दुसरं टोक बरोबरच्या होडीतल्या माणसाच्या हातात. नियम सातवा लालासाहेबांनी स्वतः वाचून दाखवला: दोरी सुटल्यास स्पर्धकाने हात वर करून जागीच थांबावे. नकळत पुढे गेल्यास माफ. कळूनसवरून विनादोरी पोहल्यास बाद.

"बाद म्हणजे?"

"ते वर्ष धरलं जात नाही," लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी टोपी तिला परत दिली.

*

सांगलीचा माणूस पोहतो आणि साताऱ्याचा माणूस चढतो. साताऱ्यात पहाटे पाचला निम्मं गाव किल्ल्याच्या वाटेवर असतं आणि खाली उतरून उरलेल्या निम्म्याला चढण्याचे फायदे सांगतं. तिथे पोहण्याचं नाव काढणं म्हणजे ज्ञानाची मोठीच सोय झाली. ज्याला त्याला सल्ला देता येतो आणि खोटा ठरायची भीती नसते.

नवरा अश्फाक कारखान्यात सुपरवायझर होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "शाझिया, मोरीत पाणी तुंबलं तर तू स्टुलावर चढून मला हाक मारतेस."

"ते घाण पाणी असतं."

"कृष्णेत मगरी आहेत."

"अब्बांना एकोणतीस वर्षांत चावली नाही."

"अब्बांना ओळखत असतील त्या," अश्फाक म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी अंगभर पोहण्याचा पोशाख मोबाईलवरून मागवला. तो आला आणि एका बाहीत शाझियाचा एक हात आणि अर्धी भीती एवढंच मावलं.

शेजारी सुभेदार जोतीराम राहत, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेले. त्यांना बातमी कळली आणि ते संध्याकाळी गच्चीवर शिट्टी घेऊन हजर झाले. "मॅडमजी, पवनं म्हंजे पान्यातलं कदमताल. बायां हात, दायां पाय. दायां हात, बायां पाय. ज्याला चालता येतंय त्याला पवता येतंय. चला, तेज चल!"

शाझियानं आयुष्यात पंचेचाळीस हजार पुस्तकं सांभाळली होती, पण चालताना कोणत्या हाताबरोबर कोणता पाय जातो हे कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि घात झाला. उजव्या हाताबरोबर उजवा पाय जाऊ लागला. गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती उंटासारखी गेली. सुभेदारांची शिट्टी तोंडातून पडली.

"लय रिक्रूट बगितले," ते हळू आवाजात म्हणाले, "पर ह्ये नव्हतं बगितलं."

"सुभेदारसाहेब, तुम्ही कुठे शिकलात पोहायला?"

"मी? न्हाई वो. मी राजस्थानात हुतो."

तिसरा सल्ला पैसे भरून घेतलेला होता. तलावावरच्या प्रशिक्षक संयोगिता बावीस वर्षांच्या, राज्य पातळीवर पन्नास मीटर पोहलेल्या. शाझियाच्या हातात त्यांनी तरंगती फळी दिली. "मॅडम, फक्त किक. सिक्स बीट. एका हाताला तीन. जोरात!" शाझियानं जोरात मारल्या. पाणी चार फूट उडालं. दोन मिनिटांनी तिनं मान वर केली, तर समोरची भिंत होती त्याहून लांब गेली होती.

"मॅडम," संयोगिता कपाळावरचं पाणी पुसत म्हणाल्या, "तुम्ही मागे येताय."

"असं होतं का कुणाचं?"

"होतं. गुडघ्यातून लाथ मारली आणि घोटे ताठ ठेवले की होतं. पण एवढा वेग मी पहिल्यांदा बघितला."

मग वैद्यकीय दाखला. मंडळाचा छापील नमुना सत्तरीवरील पुरुषांचा. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, मागची बाजू पाहिली, शाझियाकडे पाहिलं. 'प्रोस्टेटचा त्रास आहे का' यापुढे त्यांनी बराच विचार करून 'नाही' लिहिलं आणि 'एकंदर प्रकृती' यापुढे 'वयाच्या मानाने उत्तम'. कोणत्या वयाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि शाझियानं विचारलं नाही. तिच्याजवळ शिल्लक होती तेवढी प्रतिष्ठा तिला शर्यतीसाठी ठेवायची होती.

*

तलावावर तिथला भाड्याचा पोशाख चालत होता, शर्यतीच्या पोशाखाचा प्रश्न राहिला होता. दुकान मोकळं करताना अब्बांचं मशीन टेम्पोत घालून साताऱ्याला आणलेलं होतं, ते हॉलमध्ये टीव्हीच्या जागी बसलं होतं. शाझियानं ताणणारं काळं कापड आणलं, एका संध्याकाळी बेतलं आणि बऱ्याच वर्षांनी त्या मशीनवर खरोखर शिवायला बसली.

पहिल्या दोन टिपा वाकड्या गेल्या. तिसरी सरळ पडत होती, तेव्हा तिचं लक्ष खाली पायांकडे गेलं. गुडघे जवळजवळ हलत नव्हते. घोटे सैल होते, टाच-पंजा, टाच-पंजा. पाय चाक फिरवत नव्हते. चाक आपलं फिरत होतं, पाय त्याला मधून मधून आठवण करून देत होते. जोर लावला की दोरा तुटत होता. 'ओढायचं काम हाताचं, पायानं नुसता ताल धरायचा.' ते वाक्य तिनं किमान शंभर वेळा ऐकलं होतं, हातात चहाचा कप धरून, एसटीची वेळ बघत.

दुसऱ्या दिवशी तलावात तिनं फळी बाजूला ठेवली. तोंड पाण्यात, डावा हात लांब आत, उजव्या पायाची एक सैल लाथ. लाथेबरोबर कंबर आपोआप वळली, कमरेबरोबर खांदा वळला, तोंड पाण्याबाहेर आलं आणि श्वास मिळाला. मग दुसरी बाजू. टक. टक. तलावाच्या त्या टोकाला हात लागला तेव्हा तिला दम लागलेला नव्हता.

संयोगिता धावत आल्या. "मॅडम! ही टू बीट किक आहे. लांब पल्ल्याचे लोक मारतात. कुणी शिकवली?"

"आमच्याकडे आहे ती," शाझिया म्हणाली. "घरचीच."

पोशाख पुरा झाल्यावर मशीनच्या डाव्या खणात बॉबिन ठेवताना तिला ती दोरी सापडली. इलियासभाईंनी ती स्वतः विणलेली होती, खाकी आणि पांढऱ्या कापडाच्या काठांची तिपेडी, बारा हात लांब. टोकाला शाझियाच्या दहाव्या वर्षीच्या कमरेएवढा फासा, अजून तसाच.

अश्फाक दारात उभा होता. ती दोरी हातात धरून इतका वेळ बसली, की त्यानं गॅस बंद केला आणि जवळ येऊन बसला.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"विहिरीत. दोरी सुटली तेव्हाच. कमरेला ओढ असते ना, ती गेली. पुढचे अकरा हात मी... मला माहीत होतं. मजा येत होती. आणि मी ओरडले की सोडली, बुडाले. ते चौतीस वर्षं स्वतःला दोष देत राहिले, आणि मी दर वेळी चहा गार होतोय म्हणत राहिले."

"मग ओरडलीस का?"

शाझियानं दोरी गुंडाळली. "भूक लागली असेल तुला," ती म्हणाली.

*

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी घाटावर धुकं होतं, चहा होता आणि लाऊडस्पीकर होता. लाऊडस्पीकरवरच्या माणसानं यादी हातात येईल तशी वाचली: "सत्तरीवरील पुरुष गट! या गटाचं आकर्षण, साताऱ्याच्या श्रीमती शाझिया!" सगळा घाट वळून बघू लागला. सुभेदार जोतीराम साताऱ्याहून मुद्दाम आले होते. त्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

गटात एकूण तिघे. एक बहात्तर वर्षांचे वकील, एक एकोणऐंशी वर्षांचे माजी मुख्याध्यापक. "ताई, आपण पुढे व्हा," वकील अदबीनं म्हणाले. "नाही नाही, वयाचा मान," शाझिया म्हणाली. या सभ्यतेत शिट्टी होऊन गेली आणि सत्तरीवरील पुरुष गट मंडळाच्या इतिहासात प्रथमच दीड मिनिट उशिरा सुटला.

तिच्या होडीत दोरी धरायला तात्याबा होते. वय ब्याऐंशी, नजर अधू, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी दोरीला हात लावू दिला नव्हता. खणातली तिपेडी दोरी शाझियानंच नेली होती, फासा सोडवून, मोठा करून.

"पोरी, लय घाई करू नगंस," ते होडीतून म्हणाले. "इलियास कवा घाई करत न्हवता. मी हाय हिथं. दोरी न्हाई सोडायचो, आल्ला आन् खंडुबाची आन."

पहिले पाचशे मीटर सांगण्यासारखे नाहीत. गार पाण्यात उतरल्याबरोबर तिची सगळी विद्या काठावरच राहिली. उजव्या हाताबरोबर उजवा पाय जाऊ लागला, ती गोल फिरली आणि काही वेळ उगमाच्या दिशेनं निघाली. काठावरून सुभेदार ओरडत पळत होते, "पीछे मुड! मॅडमजी, पीछे मुड!" कृष्णेचं अंदाजे दोन पेले पाणी ती प्यायली. मग थांबली, उताणी पडून आभाळाकडे बघितलं आणि डोक्यात मशीन सुरू केलं. सुईत दोरा नाही. नुसती टकटक.

डावा हात, उजवा पाय. उजवा हात, डावा पाय. नदी वाहतच होती, तिला ढकलायची गरज नव्हती. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडायचे, कंबर वळली की श्वास. किलोमीटर झाला. दीड झाला. वकील आणि मुख्याध्यापक पुढे कुठेतरी एकमेकांना 'आपण आधी' म्हणत गेले असावेत.

दुसऱ्या किलोमीटरच्या पुढे जलपर्णीचा एक मोठा हिरवा तुकडा वाहत आला. तो होडीला अडला. होडीतला नावाडी वल्ह्यानं रेटू लागला, त्याला एकट्याला जमेना म्हणून तात्याबा उठले, बांबूला त्यांनी दोन्ही हात लावले, आणि कमरेची ओढ गेली.

शाझियाला ती गेलेली त्याच क्षणी कळली. ती ओढ ती चौतीस वर्षं विसरली नव्हती.

नियम सातवा: हात वर करून जागीच थांबावे. हात वर आला. पण तो त्याच्या पाळीनंच वर आला होता, आणि पाळीनंच पुढे जाऊन पाण्यात शिरला. विरुद्ध पायानं आठवण करून दिली. तिनं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. पाण्यात कान असले की ऐकू येत नाही असं लोक समजतात. सगळं ऐकू येतं, फक्त लांबून येतं. "आगं थांब! पोरी, दोरी सुटली! थांब की गं!" नऊ. दहा. अकरा. इथे ती त्या वेळी किंचाळली होती. ती बारावा हात मारून गेली. तेरावा. मग तिनं मोजणं सोडून दिलं.

*

संगमावरच्या पायऱ्यांना तिचा हात लागला तेव्हा चहावाल्यानं भांडी घासायला काढली होती. गटात तिसरी, म्हणजे शेवटची. अश्फाकनं तिच्या अंगाभोवती शाल टाकली. "मगरीनं बघितलं तुला," तो म्हणाला, "पण वय विचारायचा धीर झाला नाही तिला." आणि तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले.

पाठोपाठ होडी लागली. तात्याबा उतरले. "पोरी, माज्या हातनं दोरी सुटली गं. त्वांडानं बोललो आन् हातानं सोडली." ते पायरीवरच बसले.

लालासाहेब काठावर टेबल मांडून बसले होते. त्यांच्या मागे फळा आणून उभा केला होता, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन रंगारी तयार. त्यांनी रजिस्टर उघडलं. "नंबर सतरा. अंतर पूर्ण. वेळ..." वेळ त्यांनी सौजन्यानं मनातच वाचली. "शेरा. दोरी सुटल्याचं नावाड्यानं कळवलंय. विचारणं माझं काम आहे, ताई. सुटली ते तुम्हाला कळलं होतं का?"

"तिला कसं कळंल, सायेब?" तात्याबा मधेच म्हणाले. "तिची काय बी चूक न्हाई. माज्या हातनं सुटली. असंच लिवा."

अश्फाकनं शाझियाच्या खांद्यावर हात ठेवला आणि 'नाही म्हण' अशी किंचित मान हलवली. लालासाहेबांनीही, आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तर येण्याआधी पेन रकान्यात टेकवलं. 'नकळत' या शब्दातला 'न' उमटलासुद्धा. रंगाऱ्यानं ब्रश डब्यात बुडवला.

शाझियानं फळ्याकडे पाहिलं. मोकळी जागा बरोबर मोजलेली होती. मग ती वळली आणि नदीकडे तोंड करून उभी राहिली.

"कळलं होतं," ती म्हणाली.

लालासाहेबांचं पेन थांबलं. "ताई, नीट आठवून—"

"तेव्हाही कळलं होतं, अब्बा." ती मोठ्यानं बोलत होती, मराठीत, कारण पोहण्याचं जे काही बोलायचं ते मराठीतच बोलायचं असा त्यांच्या घरचा नियम होता. "मला पोहता येतंय असं तुम्हाला कळलं असतं, तर उद्यापासून तुम्ही दोरी धरायला काठावर उभे राहिला नसता. म्हणून मी ओरडले. तुम्ही विचारायचात ना, जरा लवकर सोडली का? लवकर नव्हती सोडली, अब्बा. अगदी वेळेवर सोडली होती."